‘एम-पेसा’ : केनियातील लोकविश्वासाची घडण

केनियातील सफारीकॉम या कंपनीने मार्च २००७ मध्ये मोबाइलवरून पैसे पाठविण्याची ‘एम-पेसा’ ही सोय सुरू केली. यातील ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द आपल्या ‘पैसा’चाच आप्त होय, हिंदी महासागरावरील व्यापाराबरोबर तो तिकडे गेला, आणि ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत तर १९२० पर्यंत हिंदी रुपयाच चालत असे.

सोयीचे मूळ प्रयोजन निराळे होते. २००५ मधील प्रयोगात छोट्या कर्जांचे हप्ते मोबाइलवरून फेडून घ्यावयाचे होते. कर्जदारांनी मात्र या साधनाने एकमेकांना पैसे पाठविण्यास आरंभ केला. नैरोबीत मिळवावे आणि गावी धाडावे, ही तेथील जुनी रीत. तोवर ही रक्कम बसचालकाच्या किंवा गावाकडे निघालेल्या परिचिताच्या हाती जाई.

तथापि केवळ गरजेने विश्वास उत्पन्न होत नाही. तो कोठे बसला, हे पाहावयाचे तर ‘वकाला’कडे, म्हणजे कंपनीच्या अडत्याकडे वळले पाहिजे. (ज्या अरबी धातूपासून आपला ‘वकील’ आला, त्याच धातूचा हा शब्द.) पुष्कळदा हा अडत्या म्हणजे वस्तीतलाच दुकानदार असे. ग्राहकाने रोकड द्यावी, दुकानदाराने वहीत नोंद करून सही घ्यावी, आणि मोबाइलवर संदेश आल्यावरच व्यवहार पुरा मानावा, असा शिरस्ता पडला. दुकानदाराने आपली रक्कम कंपनीकडे आधीच भरलेली असे; तिच्यापलीकडे त्याला जमा देता येत नसे. ग्राहकांचा पैसा बँकेतील विश्वस्त-खात्यात राही. परंतु ही व्यवस्था कितीजणांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे. त्यांना दिसत होते ते ओळखीचे दुकान, वही आणि संदेश.

डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात घराबाहेर पडणे दुरापास्त झाले, तेव्हा अडकलेल्या आप्तांना अनेकांनी याच मार्गाने पैसे पोचविले. २००८ च्या अखेरीस बँकांच्या आग्रहावरून सरकारने या सोयीची तपासणी करविली. तीत ती सुरक्षित ठरली. पण लोकांचा निर्णय त्याआधीच झाला होता.

केवळ तंत्राला श्रेय देणाऱ्यांना दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण अडचणीचे ठरते. तेथे २०१० मध्ये हीच सोय आली आणि २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. तेथे बँकांचे जाळे दाट होते, हे खरे. म्हणजेच जुन्या सोयीवरचा विश्वास सोडण्याचे कारण नव्हते.

केनियात पुढे लबाडांनी नेमका तो संदेशच हेरला. पैसे जमा झाल्याचे खोटे संदेश येऊ लागले, आणि सावध दुकानदार आता संदेशानंतरही शिलकेचा आकडा पाहतो.