भट्टीपासून इंधनटाकीपर्यंत

उमरेडच्या आसमंतातील रानांत चैत्रातल्या पहाटे गळणारी फिकट, रसरशीत मोहफुले वेचून, वाळवून त्यांचा अर्क काढण्याची रीत इतकी पुरातन, की इंग्रजी अमदानीत तिच्यावर आबकारीचा अंमल बसला, आणि मद्यार्क ही सरकारदरबारी प्रामुख्याने महसुलाचीच बाब ठरली. १९४८ च्या पॉवर अल्कोहोल कायद्याने त्याला इंधनाचा दर्जा दिला खरा. परंतु पेट्रोलमध्ये त्याच्या मिश्रणाचे प्रयोग मिरज आणि मनमाड येथे २००१ साली व्हावयाचे होते. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मद्यार्क मिसळलेले पेट्रोल आले. २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले.

मद्यार्काचा ऑक्टेनांक उच्च, म्हणून योग्य रचनेच्या इंजिनास तो मानवतो. मात्र लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असल्याने, दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या जुन्या मोटारींचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाचाच अंदाज होता. शिवाय मद्यार्क ओलावा शोषतो. पाणी फार झाले, की पाणी व मद्यार्क दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी उतरतात; आणि मद्यार्काने जुन्या रबरी नळ्याही फुगतात. मद्यार्कासाठी ऊस-धान्य पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे हित मला प्रिय आहे; तथापि जुन्या गाडीच्या मालकास कमी मिश्रणाचे पेट्रोल निवडण्याची मुभा असावी, ही मागणी सर्वथा रास्त आहे.