वावड्याची कुळकथा

'मला शेंगदाणे वावडतात' असे कोणी पंगतीत म्हटले, की आपल्याकडे चटकन हसू उमटते. बिचाऱ्याचे ते नखरेच ठरतात! परंतु या घरगुती शब्दामागे वैद्यकाच्या इतिहासातले एक विलक्षण प्रकरण आहे, आणि त्याचा आरंभ झाला तो एका राजाच्या जहाजावर.

1901 च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर सागरसंशोधनाच्या सफरीस निघाला. शार्ल रिशे व पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ त्याच्यासमवेत होते. लाटांवर तरंगणाऱ्या एका दंशकारी जलचराचे विष त्यांनी तपासले. पॅरिसला परतल्यावर तो प्राणी मिळेना, तेव्हा समुद्रफुलाचे विष घेऊन प्रयोग पुढे चालले. एकदा विष पचवलेला प्राणी दुसऱ्या खेपेस अधिक टिकाव धरील, अशीच त्या काळची समजूत. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याने पहिली मात्रा सहज सोसली. तीनेक आठवड्यांनी पुन्हा तेवढीच मात्रा दिली मात्र, त्याला धाप लागली आणि अर्ध्या तासाच्या आत तो गतप्राण झाला. रक्षणाऐवजी घात! रिशेने 1902 साली या प्रकाराला 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिले. 1913 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

तिकडे व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनाही असेच कोडे पडले होते. घटसर्पासारख्या रोगांवर घोड्याच्या रक्तापासून केलेली लस टोचली, की काही मुलांना आठवड्या-दीड आठवड्याने ताप येई, अंगावर पुरळ उठे. दुसऱ्यांदा टोचली, तर तीच लक्षणे फार लवकर दिसत. म्हणजे पहिल्या भेटीची खूण शरीराने जपून ठेवलेली असते! या बदललेल्या वागणुकीला पिर्केने 1906 साली 'ॲलर्जी' म्हटले. ही खूण वाहणारा रक्तातला घटक, 'आयजीई', इशिझाका या जपानी दांपत्याने 1966 साली अमेरिकेत शोधून काढला.

म्हणूनच 'एवढ्याशाने काय होते?' हा आपला लाडका युक्तिवाद येथे लटका पडतो. ज्याचे शरीर खूण धरून बसले आहे, त्याला चिवड्यातला एखादा दाणाही पुरे होतो. घसा आवळू लागला, श्वास कोंडला, भोवळ आली, तर मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन विनाविलंब द्यावे लागते आणि तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. खाजेवरची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

वाचकहो, फराळाच्या ताटापाशी आग्रह ही आपली शोभा खरीच. पण पाहुणा 'वावडते' म्हणाला, तर त्याचा शब्द मानणे हीदेखील आतिथ्याचीच रीत होय.