खाशाबा जाधवांची चार वर्षें

मल्लाची योग्यता कशावरून ठरवावी, हा पुण्याच्या पेठांतील तालमींचा जुना वाद आहे. कोणी मारलेल्या कुस्त्या मोजतो, कोणी मिळविलेल्या गदा. आम्हांस हीं दोन्ही मापें अपुरीं वाटतात. धंदेवाईक मुष्टियुद्धांत तर उगवत्या योद्ध्याची गांठ मुद्दाम दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशीं घालून त्याच्या विजयांची यादी लांबविण्याची रीतच आहे. ती यादी वाचून त्याच्या मुठीचा अंदाज बांधणारा हटकून फसतो. एकाच माणसाच्या दोन काळांतील झुंजी शेजारीं ठेवाव्या, आणि मध्यंतरीं त्याच्या अंगीं नवें काय आलें तें पाहावें, हाच मार्ग आम्हांस भरंवशाचा वाटतो. या परीक्षेस खाशाबा दादासाहेब जाधव यांच्याइतकें स्वच्छ उदाहरण मराठी मुलुखांत दुसरें नाहीं.

जाधव हे कऱ्हाडाजवळील गोळेश्वरचे. वडील स्वतः मल्ल. शिक्षण पुढें कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्यानें ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले व ५२ किलो वजनाच्या गटांत सहावे आले. या सहाव्या क्रमांकाकडे आपलें दुर्लक्ष होतें, तें योग्य नव्हे. ज्याची सारी विद्या तांबड्या मातींत झाली, तो गादीवर उतरून ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील मल्लांना हरवितो, आणि इराणच्या मन्सूर रईसीपुढें अडतो, ही कांहीं सामान्य गोष्ट नाहीं.

माती आणि गादी यांतील अंतर केवळ पायांखालच्या पृष्ठभागाचें नाहीं. आपल्या कुस्तींत पाठ लागेपर्यंत निकाल नसतो. मल्ल सावकाश खडाखडी करतो, समोरच्याचा दम जोखतो, आणि संधि सांपडली कीं डाव टाकतो. गादीवर घड्याळ चालू असतें व पंच बसलेले असतात. तेथें चीत न करतांहि जिंकतां येतें, आणि चीत न होतांहि हरतां येतें. लंडनला जाधवांस उणीव भासली ती बळाची नव्हे, या हिशेबाची, असें आमचें मत आहे. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. पण एका डावावर स्पर्धा पार पडत नाहीं.

१९५२ सालीं हेलसिंकीस ते वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या गटांत उतरले. वजन वाढलें कीं प्रतिस्पर्धीहि दणकट मिळतात. तेव्हां सहाव्यावरून तिसऱ्यावर येणें हें दिसतें त्याहून मोठें अंतर आहे. कॅनडाचा पोलिकिन व मेक्सिकोचा बासुर्तो यांना त्यांनीं चीत केलें. त्या वेळच्या नियमांत चीत करणाऱ्यास दोषगुण लागत नसे, गुणांवर जिंकणाऱ्यास मात्र लागे, आणि ठराविक दोषगुण जमले कीं मल्ल बाहेर पडे. म्हणून या दोन कुस्त्यांचें मोल दुप्पट. तथापि आम्हांस त्यांहून महत्त्वाची वाटते ती जर्मनीच्या श्मिट्झशीं झालेली कुस्ती. ती त्यांनीं गुणांवर मारली. मातींत वाढलेल्या मल्लानें गुणांवर कुस्ती मारावी, यांतच चार वर्षांची कमाई दिसते.

पुढें जपानच्या इशिईशीं झुंज लांबली व हातची गेली. इशिई हा मूळचा जूडोचा. त्या कुस्तीनंतर नियमाप्रमाणें विश्रांति न देतां त्यांस रशियाच्या मामदबेकोव्हपुढें उभें केलें, व तक्रार करण्यास भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, असें सांगतात. यावरून त्यांचें सुवर्णपदक हिरावलें गेलें असें म्हणण्याची आपल्याकडे आवड आहे. आम्ही तेवढें जाणार नाहीं. इशिईशीं ते ताजेपणींच हरले होते. विश्रांतीनें फार तर रुपें मिळतें. जाधवांची खरी थोरवी सांगण्यास सोन्याच्या कल्पनेची गरज नाहीं. स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक तेंच, आणि दुसरें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें.

मात्र ही प्रगति कोणाच्या जिवावर झाली, हें विसरून चालणार नाहीं. हेलसिंकीच्या खर्चासाठीं राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. उरलेली रक्कम लोकांकडे हात पसरून जमली. मल्लाचा जो वेळ गादीवर जावयाचा, तो असा दारोदार गेला. त्याची वजाबाकी कोणत्याच निकालांत दिसत नाहीं.

तिसरें माप १९५६ सालीं मेलबर्नला घेतां आलें असतें. १९५५ सालीं जाधव पोलिसखात्यांत फौजदार झाले, आणि मेलबर्नपूर्वीं गुडघा दुखावला. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत त्यांचा अंत झाला.