नवा सभासद : चांदमारीपासून रायफल क्लबापर्यंत

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. म्हणाले, सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता या वयात बंदुकीकडे कसे वळलात? त्याचं असं झालं, की शेजारची एक मुलगी, आमच्या नातीच्या वयाची, एअर रायफल शिकते. तिला रेंजवर सोडायचं काम काही दिवस आमच्याकडे आलं. बाकावर बसून बसून कंटाळा आला आणि एक दिवस आम्हीच फॉर्म मागितला. सत्तरी ओलांडलेला नवा सभासद!

फॉर्म साधा होता. नाव, पत्ता, दोन फोटो, आधारची झेरॉक्स, दोन जुन्या सभासदांच्या सह्या. आणि शेवटी एक ओळ : सभासद होण्याचे कारण. शेजारी बसलेल्या पोरानं ‘खेळ’ असं लिहिलं आणि तो मोकळा झाला. आम्ही मात्र पेन धरून बसलो. व्यायामशाळेत, वाचनालयात, पतसंस्थेत आम्ही सभासद झालो, तिथं कुणी कारण विचारलं नव्हतं. मग इथंच का? हा प्रश्न विचारायची सुरुवात कुणी केली? आज आपण त्या रिकाम्या ओळीचा इतिहास पाहणार आहोत.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. असई आपल्याकडे आहे. केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्टीत २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. शिंद्यांचं कवायती पायदळ पोलमान नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होतं, तोफा शंभराच्या आसपास होत्या. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, कित्येक तोफेपाशीच मारले गेले. लढाईच्या तपशिलात आज शिरत नाही, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आपल्याला हवा आहे तो तिच्या नंतरचा काळ. या मुलखात हत्यार हळूहळू छावणीच्या भिंतीआड गेलं. जालन्यात कंपनीची छावणी आली, पुढं हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी इथं राहिल्या. छावणी आली की चांदमारी आली. चांद म्हणजे निशाणाचं वर्तुळ आणि त्यावर गोळी मारायची ती चांदमारी. छावणी असलेल्या कितीतरी गावांत आजही या नावाची जागा सापडते. गावकऱ्यांना चांदमारी ठाऊक होती ती आवाजावरून. तिथं नेम कोण धरतं हे आतल्यांनाच माहीत. ‘तिकडं ढोरं नेऊ नका’ एवढाच तिचा आणि गावाचा संबंध.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा झाला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. लेखणी आणि बंदूक एकाच वर्षी सरकारजमा झाली म्हणा ना! कायदा वरून सगळ्यांना सारखा दिसायचा, खरी गोम नियमांत होती. कुणाला परवाना लागतो आणि कुणाला माफी आहे, याची यादी नियमांत होती. युरोपियन माणसाला माफी होती. म्हणजे त्यानं कारण सांगायची गरज नव्हती, त्याचा जन्म हेच कारण. इथल्या माणसानं मात्र अर्ज करायचा, कारण द्यायचं आणि साहेबाच्या मर्जीची वाट बघायची. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेस या कायद्याविरुद्ध बोलत होती. हातात शस्त्र घ्यायची हौस हा त्यातला मुद्दा नव्हताच. राज्यकर्ता प्रजेवर विश्वास ठेवत नाही, हा अपमान सलत होता. पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले, कागदावरचा वर्णभेद गेला, मर्जी मात्र राहिली. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. अहिंसेचं व्रत घेतलेल्या संघटनेनं हे लिहिलं, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. ज्याला शस्त्र धरताच येत नाही त्यानं ते खाली ठेवलं, तर त्यात व्रत कसलं?

आता १९४८. लिटनचा कायदा ब्रिटिश मुलखाचा. आपण निजामाच्या रियासतीत, तिथला कारभार वेगळा. पण सामान्य माणसाच्या हाती काही नाही, ही गोष्ट दोन्हीकडे तीच. त्यात रझाकार आले. इथं बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी त्या वर्षाच्या आठवणी असतील. आमच्या आजोळी एक ठासणीची बंदूक होती, रानडुकरं हाकलायची. ती कडब्याच्या गंजीत लपवून सगळं घर सरहद्द ओलांडून बुलढाण्याच्या बाजूला गेलं. आजी सांगायची, भीती रझाकारांची होती तेवढीच त्या बंदुकीचीही होती. सापडली तर? १३ सप्टेंबरला पोलिस अ‍ॅक्शन सुरू झाली. जालना शहर ताब्यात ठेवायला गुरख्यांची एक तुकडी मागं ठेवून बाकीची फौज लातूरकडे गेली. १७ तारखेला निजाम शरण आला.

त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला, दिल्लीत संविधान सभेपुढं नागरिकांच्या स्वातंत्र्यांचा अनुच्छेद आला. हरी विष्णू कामथ यांनी दुरुस्ती मांडली, की त्यात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घाला. त्यांनी कराचीच्या ठरावाची आठवण दिली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ज्याची प्रवृत्ती गुन्ह्याची आहे तोही उद्या हाच हक्क सांगेल, तेव्हा राज्यानं काय करायचं? दुरुस्ती फेटाळली गेली.

त्या दिवशी मराठवाड्यातल्या एखाद्या माणसाला मत विचारलं असतं तर? आम्हाला वाटतं, तो कामथांच्या बाजूनं उभा राहिला असता. वर्षभर तो हात रिकामे घेऊन बसला होता. पण याच मराठवाड्यात पोलिस अ‍ॅक्शननंतर गावोगाव जे घडलं, तेही विसरून चालणार नाही. सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं ते नोंदवलं. त्यात मारले गेलेले बहुतेक गोरगरीब मुसलमान होते, आणि आदल्या महिन्यापर्यंत जे भ्यायलेले होते त्यांच्यातल्याच काहींच्या हातात आता हत्यारं होती. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. तरुणपणी आम्ही कामथांच्या बाजूचे होतो, वर्गात तावातावानं बोलायचो. तो अहवाल वाचल्यावर आंबेडकरांच्या बाजूला आलो. आजीची गंजीतली बंदूक आठवली, की अजूनही मन पूर्ण ठरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

संविधानात अखेर काय राहिलं पाहा. अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे, पण शांततेनं आणि विनाशस्त्र. लगेच पुढं संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य आहे. जमा, पण शस्त्राशिवाय. संघटना काढा. आता तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यानं विचारावं, की शस्त्र घेऊन जमणारी संघटना असेल तर? रायफल क्लब नेमका या फटीत बसतो.

आणि ही फट कायद्यानं डोळे उघडे ठेवून बुजवली आहे. १९५९ चा शस्त्र कायदा काढून त्याचं कलम १३ वाचा. परवाना अधिकाऱ्यानं काही बाबतींत परवाना द्यायचाच आहे, असं तिथं म्हटलं आहे. एक, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. (आजीची बंदूक कायदेशीर झाली, पण तोवर गंज जळून गेली होती.) दोन, केंद्र सरकारनं मान्य केलेल्या रायफल क्लबाच्या किंवा असोसिएशनच्या सभासदाला निशाणबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू टू रायफल किंवा एअर रायफल. बाकी बहुतेकांनी आपलं कारण अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. १८७८ च्या व्यवस्थेत तुम्ही कोण म्हणून जन्मलात ते बघत होते, १९५९ च्या कायद्यात तुम्ही कशाचे सभासद झालात तेही बघतात. जन्म बदलता येत नाही, सभासद होता येतं. पुढं १९८३ मध्ये एका माणसाकडं जास्तीत जास्त तीन हत्यारं अशी मर्यादा आली, २०१९ मध्ये ती दोनवर आली. या कलमातही क्लबाच्या सभासदाचा अपवाद वेगळा सांगितला आहे. आज आपण ज्या दहा मीटरच्या रेंजवर जातो, तिथल्या साडेचार मिलिमीटर छर्‍याच्या साध्या एअर रायफलीला ठरावीक ताकदीच्या आत परवाना लागतही नाही. तरी फॉर्मवरची ती ओळ तशीच आहे.

हे सभासद घडवणारी देशपातळीवरची संस्था, नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ ची. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. अहमदाबादचे मराठी वकील, गांधींचे सहकारी. सभागृहात कुणी कधी बोलायचं आणि कधी थांबायचं हे ठरवणारा माणूस नेमबाजांच्या संस्थेचा प्रमुख होता, यात आम्हाला काही विचित्र वाटत नाही. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी आहे.

सुरुवातीला मात्र हा खेळ राजेरजवाड्यांचा आणि लष्करी अधिकाऱ्यांचा. बिकानेरचे महाराज करणीसिंह पाच ऑलिंपिक खेळले. गावाकडं बंदूक म्हणजे शिकार. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा रस्ता बंद केला आणि नेम धरायला राहिला तो कागद. आमच्या पिढीच्या पोरांनी रायफल हातात घेतली ती एनसीसीत, पाच गोळ्या मोजून मिळायच्या आणि रिकामी पुंगळी हरवली तर पट्टे पडायचे. अंजली भागवत त्याच एनसीसीतून आल्या आणि २००० साली सिडनीत अंतिम फेरीत उभ्या राहिल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कांस्यपदक घेतलं. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासणीस होता तो. महाराजांपासून टीसीपर्यंत सभासद बदलला, तो असा. मराठवाड्याचं नाव या यादीत नाही. नेम धरणारे आपल्याकडं आहेत, राज्य राखीव पोलिसांचा गट क्रमांक ३ जालन्यातच आहे. पण ते वर्दीतले. बिनवर्दीच्या पोराला चांगली परदेशी रायफल घ्यायची, तर काही लाखांची गोष्ट होते, आणि कापसाच्या भावावर घर चालणाऱ्या बापाला ते कसं जमावं? चार पोरांत मिळून क्लबाची एक रायफल, असंच चालतं.

आता आमचा पहिला दिवस. रायफल मिळालीच नाही. शिकवणारी मुलगी विशी-बाविशीची. तिनं तासभर फक्त नियम सांगितले. नळी कायम निशाणाकडं. प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असं समजायचं. नळीत सुरक्षेची रंगीत दोरी घातल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर नाही. ‘स्टॉप’ म्हटलं की स्टॉप, मग वाक्य अर्धं असो की श्वास. दुसऱ्या दिवशी रायफल हातात आली, साडेपाच किलोच्या आतली, पण दहा मिनिटांत खांदा बोलायला लागला. आम्ही काहीतरी विचारायला मागं वळलो आणि आमच्याबरोबर नळीही वळली. “सर!” एवढंच ती म्हणाली. सगळी रेंज थांबली. चाळीस वर्षं वर्गात इतरांना थांबवलं, पण असं थांबवलं जाणं पहिल्यांदाच घडलं. तिनं रायफल काढून घेतली, दोरी घातली आणि आम्हाला बाकावर बसवलं. उरलेला वेळ तिथंच गेला. बारा वर्षांची पोरं आमच्याकडं बघत होती. हसलं कुणी नाही. बहुतेक तेही कधीतरी त्या बाकावर बसून आले असावेत.

आणखी एक सांगायचं राहिलं. लहानपणापासून आपण ऐकत आलो, की अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता. इथं पहिल्या आठवड्यात उलटं शिकवतात. नजर स्थिर ठेवायची ती नळीच्या टोकाच्या वर्तुळावर, म्हणजे आपल्या हातातल्या वस्तूवर. दहा मीटरवरचं निशाण थोडं धूसर दिसलं तरी चालतं. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो तसाही आमच्या चष्म्याला दिसत नाही.

आणि ती ओळ. आम्ही बराच विचार करून लिहिलं होतं : ‘जे शिकायचं राहून गेलं ते शिकण्यासाठी’. कार्यालयातल्या बाईंनी वाचलं, वर बघितलं आणि म्हणाल्या, “काका, इथं ‘खेळ’च लिहा. दुसरं काही चालत नाही.” खोडून लिहिलं.

प्रश्न असतील तर घेऊ या.