एका कपाची भानगड: पंचहौद ते पिंपळगाव

हा एपिसोड गाडी चालवताना ऐकत असाल तरी चालेल, पण कॉफी करता करता ऐकलात तर जास्त मजा येईल. आजचा विषय आहे पाहुण्याच्या हातात दिलेला कप. चहाचा, कॉफीचा, आणि माझ्या घरी हल्ली एस्प्रेसोचा. दिसायला साधी गोष्ट आहे, पण या कपावरून आपल्याकडे अख्खं पुणे दोन वर्षं भांडलंय.

तर सरळ पुण्यात जाऊ. तारीख ४ ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली नामांकित मंडळी जमली होती. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रम संपल्यावर मिशनच्या लोकांनी सगळ्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. आलेल्या माणसाला चहा विचारला, एवढंच. पण विचारणारे ख्रिस्ती, पाहुण्यांमध्ये ब्राह्मणांची गर्दी, आणि कुणाच्या हातचं काय चालतं याचे नियम तेव्हा भयंकर कडक. काहींनी चहा घेतला. काहींनी कप नुसता हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. म्हणजे यजमानही दुखावले जाऊ नयेत आणि धर्मही बुडू नये!

तिथे गोपाळराव जोशी पण होते. हो, तेच, डॉ. आनंदीबाई जोशींचे पती. विचित्र माणूस. बायको डॉक्टर व्हावी म्हणून तिला अमेरिकेला पाठवण्याची हिंमत त्यांच्यात होती, आणि मोठमोठ्या सुधारकांची फजिती बघायची हौसही तेवढीच होती. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली. आजच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला.

झालं, ग्रामण्य सुरू झालं. ग्रामण्य म्हणजे जातीने बसवलेला खटला, आणि त्याची शिक्षा बहिष्कार. घरच्या कार्याला भटजी मिळत नाही, पंगतीला कुणी बसत नाही, सासरी गेलेल्या लेकीला माहेरी पाठवत नाहीत. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, तिकडून चौकशीला शास्त्री आले. कुणी चहा प्यायला, कुणी नुसता कप धरला, याची साक्षीपुराव्यांसह छाननी झाली. टिळक म्हणाले, मी काशीला आधीच प्रायश्चित्त घेतलंय. रानड्यांनीही शेवटी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. पुढच्याच वर्षी मुंबई हायकोर्टाचा न्यायाधीश झालेला हा माणूस! सुधारक त्यांच्यावर चिडले, सनातनी तर आधीपासूनच चिडलेले होते. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाबद्दल लिहिलंय, मिळालं तर नक्की वाचा.

आपण ही गोष्ट नेहमी गंमत म्हणून सांगतो. पण मला एक गोष्ट खटकते. त्या यादीतले लोक चहा घ्यावा की नाही या पेचात होते. ज्यांना कुणी कपच देत नव्हतं, त्यांची यादी कुठल्या पेपरात आली?

ती बाजू बघायची तर कोल्हापूरला जावं लागतं. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांपर्यंत तक्रार गेली. महाराज संतापले, आणि त्यांनी गंगारामना मदत देऊन स्वतःचा धंदा काढायला लावला. गंगारामनी हॉटेल काढलं. चहाचं! नाव 'सत्यसुधारक'. आता विचार करा, त्या काळात महार माणसाच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग महाराज स्वतः आपली गाडी हॉटेलसमोर थांबवायचे, चहा मागवायचे, प्यायचे, आणि गाडीतल्या सोबतच्या मंडळींनाही द्यायला लावायचे. खुद्द छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारायची कुणाची टाप? मला हे डोकं जाम आवडतं. भाषण नाही, वटहुकूम नाही, नुसता चहा.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं, कप देणं त्या मानाने सोपं असतं. समोरच्याच्या हातातून तो घेणं, तोंडाला लावणं, हे अवघड.

पुढे चहा सगळीकडे पोचला, तो काही समाजसुधारणेमुळे नाही. १९०३ मध्ये सरकारने चहावर सेस बसवला आणि त्या पैशातून चहाचा जोरदार प्रचार झाला. मग राज्यघटना आली, आणि कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं सगळ्यांना खुली, असं लिहिलं गेलं. पण कायदा हॉटेलच्या दारापर्यंत जातो, आपल्या ओट्यावर येत नाही. गावोगावच्या घरांत बाहेर कोनाड्यात एक वेगळी कपबशी असायची, ठरावीक लोकांसाठी. त्यांनीच ती घ्यायची, त्यांनीच धुवायची.

आणि कॉफी? मराठी घरात कॉफी म्हणजे खास पाहुण्यांसाठी, भरपूर दूध, साखर आणि वर जायफळ. 'एस्प्रेसो' हा शब्द आपल्याला लग्नांमुळे कळला. मंडपाच्या कोपऱ्यात फुस्स-फुस्स करणारं मशीन, फेसाळलेलं दूध, वर चॉकलेट पावडर. इटलीच्या माणसाला दाखवलं तर तो रडेल. त्यांची एस्प्रेसो म्हणजे वाफेच्या नाहीतर पंपाच्या दाबाने दोन घोटांत संपणारी काळी कॉफी. मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ मध्ये मशीनचं पेटंट घेतलं, आणि वरचा तो सोनेरी फेस आला गाजियाच्या मशीनमुळे, दुसऱ्या महायुद्धानंतर. पण मला विचाराल तर लग्नातली पण भारीच असते, जानेवारीच्या थंडीत तर विचारूच नका.

वर्क फ्रॉम होममुळे मी पिंपळगावला घरी असतो, आणि पहिल्या पगारवाढीतून छोटं मशीन घेतलंय. १८ ग्रॅम बारीक दळलेली चिकमंगळूरची कॉफी, ९ बार प्रेशर, २५ ते ३० सेकंद. लाईट गेली की गॅसवर मोका पॉट. सुरुवातीला शेजारचे काका म्हणाले, "एवढ्याशा कपात काय, चूळ भरायला पण पुरणार नाही." आजीने तर सरळ काढाच ठरवला. मग काकूंनी त्यात गरम दूध आणि जायफळ घातलं, आणि आता रविवारी सकाळी पाचसहा जण तरी असतातच. काका हल्ली दळण बारीक झालंय की जाड, हे चवीवरून सांगतात.

पण ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाण्याकडून मजूर येतात, आणि त्यांना चहा जातो कागदी कपात. कागदी कप स्वच्छ, धुवायची कटकट नाही, शंभर माणसं असतील तर सोयीचाच. हे सगळं खरं. तरी पाच माणसं असतानाही घरच्या पाहुण्याला काचेचा आणि बागेतल्या माणसाला कागदी, हे कुणी ठरवलं, हा प्रश्न पडतोच. घरी विचारलं तर "तसंच चालत आलंय" म्हणतात. पंचहौदच्या वेळी पण हेच म्हणाले असतील.

गेल्या हंगामात मुकादम आणि त्यांची बायको हिशेबाला आले होते. मुकादम मशीनकडे बघून म्हणाले, "भाऊ, ते काये? आम्हाला बी चाखवा की." काचेच्या कपात दिली. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं, तीन चमचे साखर मागितली आणि मग संपवली. वहिनींनी वास घेऊनच कप मागे दिला. "आम्हाला चहाच बरा." आईने चहा टाकला आणि त्याच कपांत ओतला.

आता तुमचं काम. आज घरी आजीला नाहीतर आजोबांना विचारा, आपल्याकडे वेगळी कपबशी होती का, कुणासाठी होती, आणि ती गेली कधी. आणि तुमचे आजी-आजोबा त्या वेगळ्या कपातून पिणाऱ्यांपैकी असतील, तर त्यांच्या तोंडून ऐकायला मला जास्त आवडेल. व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या रविवारी.