बिदागी, वर्षासन आणि शिष्यवृत्ती : म्हैसूर दरबार आणि संगीताचे उच्च शिक्षण

संगीताच्या राजाश्रयाचा इतिहास प्रायः मैफली, पदव्या आणि शालजोड्या यांच्या आधारे लिहिला जातो. कलावंत घडल्यानंतर त्याला मिळणारी बिदागी त्यात ठळकपणे नोंदली जाते. तो घडत असताना त्याच्या अन्नवस्त्राची तजवीज कोणी केली, हा प्रश्न मात्र मागे राहतो. वास्तविक, गुरूजवळ राहून करावयाच्या प्रगत अभ्यासाला सर्वाधिक गरज असते ती निर्वाहाच्या चिंतेतून मोकळ्या झालेल्या वर्षांची. ही वर्षे कोणाला मिळाली, कोणी दिली आणि त्यांच्या बदल्यात काय अपेक्षिले, याची चिकित्सा म्हैसूर परिसराच्या संदर्भात उद्बोधक ठरते.

कावेरी-कपिला संगमावरील तिरुमकूडलु नरसीपूरच्या परिसरात सोसले हे गाव आहे. माध्व संप्रदायातील व्यासराज मठाचे हे पीठ. पुरंदरदास हे व्यासतीर्थांचे शिष्य अशी परंपरा असून ‘पुरंदर विठ्ठल’ ही त्यांची नाममुद्रा पंढरपूरशी नाते सांगते. म्हणजे संगीत आणि विद्या यांना मठाचा आधार येथे दरबाराच्याही आधीपासून होता. याच सोसल्याच्या शास्त्री घराण्यातील अय्याशास्त्री पुढे म्हैसूरचे दरबारी कवी झाले. लगतच्या तिरुमकूडलु येथे १८९५ मध्ये जन्मलेले व्हायोलिनवादक टी. चौडय्या यांनाही उच्च अभ्यासासाठी म्हैसूरच गाठावे लागले. १९१० ते १९१८ या काळात त्यांनी बिडारम् कृष्णप्पा यांच्याजवळ गुरुकुल पद्धतीने अध्ययन केले. कृष्णप्पा दरबारचे विद्वान होते. दरबार गुरूचा योगक्षेम चालवीत असे, तेव्हा त्याच्या घरी राहणाऱ्या शिष्याच्या शिक्षणाचाही काही भार अप्रत्यक्षपणे उचलला जात असे.

प्रत्यक्ष साहाय्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे म्हैसूर वासुदेवाचार्य (१८६५–१९६१). बालपणीच पितृछत्र हरपलेल्या या विद्यार्थ्याने महाराजा संस्कृत महाविद्यालयात शास्त्राध्ययन केले आणि वीणा पद्मनाभय्या यांच्याकडे संगीताचे प्रारंभिक धडे घेतले. चामराजेंद्र वाडियार (दहावे) यांनी त्यांना दरबारच्या खर्चाने तिरुवैयारू येथे पट्टणम् सुब्रह्मण्य अय्यर यांच्याकडे पाठविले. अय्यर हे त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतील. या साहाय्याचे वाङ्मयीन फलित लक्षणीय आहे. पैसा कन्नड संस्थानाचा, गुरुगृह तमिळ प्रदेशातील. आणि वासुदेवाचार्यांनी रचना केल्या त्या प्रामुख्याने तेलुगू व संस्कृत भाषांत. आयुष्याच्या उत्तरार्धात, पाहिलेल्या कलावंतांची शब्दचित्रे त्यांनी लिहिली ती कन्नडमध्ये. एका भाषेच्या चौकटीत हा लेखक-वाग्गेयकार बसवता येत नाही. ज्या प्रवासाने त्याला बहुभाषिक केले, त्याच्या मुळाशी दरबाराने मंजूर केलेला निर्वाहखर्च होता.

याच सुमारास मराठी मुलखात एक समांतर घटना घडत होती. कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी बालपणी शोभेच्या दारूच्या अपघातात अधू झाली. मिरज संस्थानाधिपतींच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. परंतु १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि संस्थानी आश्रयाच्या जागी लोकाश्रय उभा करण्याचा ध्यास घेतला. १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापले. तेथील उपदेशक वर्गातील विद्यार्थ्यांची राहण्याजेवण्याची सोय विद्यालयच करी. त्यांनी पुढे संगीतप्रसाराचे कार्य करावे, ही अपेक्षा असे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही नावे या व्यवस्थेची फलश्रुती सांगतात. तिची किंमतही मोठी होती. कर्ज काढून उभारलेली मुंबईची वास्तू १९२४ मध्ये लिलावात गेली. दात्याची मर्जी सांभाळण्याचा प्रश्न मिटला, तरी खर्चाचा प्रश्न उरला होता.

म्हैसुरात मात्र दान आणि प्रतिदान यांचे चक्र पूर्ण झालेले दिसते. चामराजेंद्रांचे नातू जयचामराजेंद्र वाडियार यांना कर्नाटक संगीताचे आणि रचनेचे मार्गदर्शन लाभले ते वासुदेवाचार्यांचेच. आजोबांच्या खर्चाने शिकलेला विद्यार्थी नातवाचा गुरू झाला. पाश्चात्त्य संगीताचे जाणकार असलेल्या या महाराजांनी पुढे लंडनमध्ये वास्तव्य करणारे रशियन संगीतकार निकोलाय मेट्नर यांच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणाचा भार उचलला. मेट्नर यांनी आपला तिसरा पियानो कन्चेर्टो त्यांना अर्पण केला. साम्राज्याच्या राजधानीतील कलावंताला वसाहतीतील संस्थानिकाने आधार द्यावा, ही घटना आश्रयाच्या रूढ दिशेला छेद देणारी आहे.

संस्थाने विलीन झाली आणि १९७१ मध्ये तनखेही संपले. आश्रयदात्याची जागा शासनाने घेतली. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या युवा कलावंतांसाठीच्या योजनेत, २०१० च्या दशकातील नियमांनुसार, १८ ते २५ वयोगटातील निवडक उमेदवारांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळत. येथे वशिल्याऐवजी अर्ज आहे, मर्जीऐवजी निकष आहेत. कोणत्याही गावच्या, कोणत्याही जातीच्या मुलामुलींना तो अर्ज करता येतो. लोकशाहीने घडविलेला हा बदल मूलभूत होय. तथापि, ज्या विद्येला चौडय्यांनी आठ वर्षे दिली, तिच्यासाठी दोन वर्षांचा आधार तोकडा पडतो. दरबाराने मोजक्यांना दीर्घ काळ दिला. शासन अनेकांना अल्प काळ देते.

दरबारी व्यवस्थेचा गौरव करताना तिची मर्यादाही विसरता येत नाही. येथे आलेले सर्व लाभार्थी पुरुष आहेत. म्हैसूर येथील राज्य संगीत विद्यापीठाला आज ज्यांचे नाव आहे, त्या गंगूबाई हनगल संसार सांभाळून, हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. राजाश्रयाच्या बखरीत अशा प्रवासाची नोंद नसते. उच्च शिक्षणासाठीच्या अर्थसाहाय्याचा इतिहास लिहावयाचा तर दरबारी मंजुऱ्यांबरोबर या विनाअनुदानित वर्षांचा हिशेबही त्यात घ्यावा लागेल.