लेझर स्कॅनवरून घराचा नकाशा कसा बनतो? पुनर्विकासाच्या वेळी त्यावर किती भरवसा ठेवायचा?

१५ एप्रिल २०१९. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली आणि त्याचं लाकडी छप्पर जळून कोसळलं. पण २०१० मध्येच अँड्र्यू टॅलन या अमेरिकन प्राध्यापकाने ही वास्तू लेझरने मोजून ठेवली होती. पन्नासहून जास्त जागांवरून स्कॅन आणि एक अब्जाहून जास्त बिंदू! जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या हाती इतर मोजमापांसोबत हा डेटाही होता. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं.

जुन्या इमारती मोजायला हे तंत्र आपल्याकडेही वापरलं जातं. आयफोनच्या प्रो मॉडेल्समध्ये तर ते २०२० पासून खिशात आलंय. पण स्कॅन म्हणजे नकाशा नव्हे. मधे बरंच काही घडतं, आणि तिथेच तुमचे चौरस फूट कमी-जास्त होऊ शकतात.

स्कॅनर नेमकं काय करतो?

तिपाईवरचा स्कॅनर गोल फिरत सगळीकडे लेझर सोडतो. प्रकाश भिंतीला लागून परत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढलं जातं. प्रत्येक मोजणीचा एक बिंदू. असे सेकंदाला लाखो बिंदू जमा होतात. या ढिगाला म्हणतात ‘पॉइंट क्लाउड’.

गंमत अशी की या ढिगाला भिंत म्हणजे काय हे माहीतच नसतं. भिंत, कपाट, पडदा, दोरीवरचे कपडे, त्याच्यासाठी सगळे नुसते ठिपके.

ठिपक्यांचा नकाशा कसा होतो?

१. जोडणी : प्रत्येक खोलीचा स्कॅन वेगळा असतो. दोन स्कॅनमध्ये दिसणारे समान भाग जुळवून ते एकत्र केले जातात. इथे चूक झाली तर पुढची आख्खी खोली सरकते.

२. साफसफाई : माणसं, सामान, नको असलेले ठिपके काढून टाकतात.

३. काप : जमिनीपासून साधारण एक ते सव्वा मीटर उंचीवर ढिगाचा पातळ आडवा काप घेतात. या उंचीवर दारं आणि बहुतेक खिडक्या दोन्ही कापल्या जातात. वरून पाहिलं की भिंतींच्या कडा दिसू लागतात.

४. रेखाटन : ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कडांवर रेषा मारतात. काही सॉफ्टवेअर हे काम आपोआप करतात, पण शेवटी कुणीतरी माणसाने ते तपासावं लागतं.

गडबड कुठे होते?

आरसा : लेझर आरशावरून परततो आणि भिंतीपलीकडे नसलेली खोली दाखवतो.

कपाट : कपाटामागची भिंत लेझरला दिसत नाही. कपाटाचा दर्शनी भागच भिंत समजला गेला, तर खोली तेवढी लहान होते.

भिंतीची जाडी : आतून फक्त आतला पृष्ठभाग कळतो. जाडी हवी असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करून जोडाव्या लागतात.

काटकोन : जुन्या भिंती क्वचितच सरळ असतात. नकाशा काढणारा मात्र अनेकदा कोपरे ९० अंशांचे करून टाकतो. टॅलन यांच्या स्कॅनमध्येही नोत्र दामच्या पश्चिम टोकाचे आतले खांब एका रेषेत नाहीत हे दिसलं होतं. सगळं ‘सरळ’ करून काढलं असतं, तर हे कळलंच नसतं.

दोन इंचांनी काय फरक पडतो?

१० बाय १२ फुटांची खोली घ्या. क्षेत्रफळ १२० चौरस फूट. लांबी-रुंदी दोन्ही दोन-दोन इंचांनी कमी मोजली, तर साडेतीन चौरस फुटांहून जास्त जागा गेली. अशा पाच खोल्या असतील तर सुमारे १८ चौरस फूट. पुनर्विकासात ‘जुन्या कार्पेटवर इतके टक्के जास्त’ असा हिशेब होतो, तेव्हा ही चूक नव्या फ्लॅटमध्येही येते.

चांगल्या तिपाई-स्कॅनरची चूक काही मिलिमीटरच असते. मोबाईलची चूक मात्र सेंटीमीटरमध्ये जाऊ शकते. फर्निचर कुठे बसेल हे बघायला मोबाईल मस्त आहे, पण करारावर सही करायला नाही.

मग विचारायचं काय?

• स्कॅन कशाने केला, चूक किती असू शकते?
• कपाटामागची आणि माळ्याखालची भिंत कशी मोजली?
• कोपरे आहेत तसे काढले की काटकोनात बसवले?
• कार्पेट एरियाची कोणती व्याख्या धरली? २०१६ च्या रेरा कायद्यात आतल्या पार्टिशन भिंती मोजतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि फ्लॅटची बाल्कनी मोजत नाहीत. जुनं घर आणि नवं घर एकाच व्याख्येने मोजलंय ना, हे बघा.
• मूळ पॉइंट क्लाउडची फाईल सोसायटीला मिळेल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नकाशात कुणीतरी ठरवलेल्या रेषा असतात. वाद झाला तर त्या रेषा कशावरून काढल्या हे मूळ ठिपक्यांवरूनच तपासता येतं. आणि इमारत एकदा पाडली की पुन्हा मोजायला काही उरत नाही. त्यामुळे फाईल आधी मागा, सही नंतर करा.